मालेत दिसलेले चतुर आमच्या कोथरूडचे असतील का?

गच्चीवरची_काकू

मुलगा दोन वर्षं नोकरीनिमित्त मालेला आहे, मालदीवला. परवा त्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या वर, शेकडो चतुर घिरट्या घालताहेत. खाली लिहिलंय, "आई, आपल्या टेकडीवरचे इकडे आले बघ." मी म्हटलं, चेष्टा पुरे, जेवलास का ते सांग. पण नंतर ते डोक्यातून जाईना.

कारण असं, की चतुराला अंडी घालायला गोडं पाणी लागतं, एवढं मला माझ्या कमळाच्या टबामुळे कळलंय. आणि मालेत ना नदी, ना ओढा, ना डबकं. नळाचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून येतं. मग हे शेकड्यांनी जन्मले कुठे?

इथे कोथरूडला आमच्या गच्चीवर गणपतीनंतर अगदी हेच असतात. पिवळट सोनेरी, पंख स्वच्छ पारदर्शक. दुपारभर हवेत तरंगतात, बसायचं नाव नाही. तिन्हीसांजेला जास्वंदीच्या काडीला शेपूट खाली करून लोंबकळतात. (लहानपणी सदाशिव पेठेत आम्ही यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. त्याचं पाप कुठे फेडायचं देव जाणे.) दिवाळी झाली की गायब. आणि मालेत नेमके दिवाळीच्या आगेमागे हजर! म्हणून विचारते, हसू नका.

पेठेतला_खवचट

काकू, हसत नाही, पण जहाजातून गेले असणार. तुतिकोरिनहून मालेला कांदेबटाटे, बांधकामाचं सामान सगळं जहाजानेच जातं. एखाद्या पिंपात पावसाचं पाणी साचलं असेल, त्यात अळ्या. चतुर समुद्र ओलांडतो हे मला काही पटत नाही. एवढासा जीव तो.

टेकडी_रोज_सकाळी

खवचटराव, पिंपातून दहावीस निघतील. दर वर्षी त्याच महिन्यात, जिथे जहाज फिरकत नाही अशा बेटांवरसुद्धा, ढगासारखे कसे येतील?

काकूंनी वर्णनातच ओळख पटवून दिली आहे. लोंबकळून बसणं ही यांची खूण. बाकीचे बरेच चतुर काडीच्या टोकावर विमानासारखे आडवे बसतात. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स, इंग्रजीत ग्लोब स्किमर. मागचा पंख बुडाशी भलताच रुंद असतो, त्यामुळे घारीसारखं न फडफडता तरंगता येतं.

मालदीवमध्ये अनेक वर्षं राहिलेले चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ आहेत. त्यांना काकूंसारखाच प्रश्न पडला होता, की गोडं पाणी जवळजवळ नसलेल्या बेटांवर हे येतात कुठून? त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या. ऑक्टोबरात आधी उत्तरेकडची बेटं, मग माले, मग दक्षिणेकडची, आणि नोव्हेंबरात पार सेशेल्स. म्हणजे माणसाने नकाशावर बोट फिरवावं तसा क्रम. २००९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं: भारतातून निघून मालदीव, सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिका, आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमाराला परत. सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा. एकच चतुर तो पुरा करत नाही, साधारण चार पिढ्या लागतात. मालदीव हे मुक्कामाचं ठिकाण नाहीच. स्वारगेटला उतरून पुढची गाडी पकडतात ना, तसं.

पाऊस जिथे, तिथे हे. यांची अळी पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात वाढते, तिथे तिला खाणारे मासे नसतात. पण डबकं आटायच्या आत मोठं व्हायला हवं, म्हणून दीडदोन महिन्यांत काम उरकते. इतर कित्येक चतुरांना याहून बराच जास्त वेळ लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. इथे मन जरा घट्ट करा. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले गेले, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पावसाच्या पाण्यातलं जड हायड्रोजनचं (हायड्रोजनचाच जास्त वजनदार प्रकार) प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, अळी ज्या पाण्यात वाढली त्याची छाप पंखात उतरते आणि पंख एकदा तयार झाला की ती बदलत नाही. त्यावरून निघालं, की ते भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातले. तेव्हा मुलाच्या गच्चीवरचे कोथरूडचे असण्यापेक्षा पार वरून, आपल्या डोक्यावरून गेलेले असण्याचा संभव जास्त.

पेठेतला_खवचट

वाऱ्याचं काय मग? ऑक्टोबरात तिकडे वारा पश्चिमेचा असतो. माले ते केरळ सहज ६०० किलोमीटर. समोरून वारा घेत हा प्राणी तेवढं उडतो?

फुगेवाले_आजोबा

हा प्रश्न माझ्या खात्यातला, म्हणून लिहितो. मराठी टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी हवामान निरीक्षक होतो, आता निवृत्त होऊन पाषाणला असतो. उमेदीतली तीन वर्षं मिनिकॉय बेटावर काढली. लक्षद्वीपचं शेवटचं टोक, त्याच्या खाली मालदीवच. आमचं काम हायड्रोजनचा फुगा सोडायचा, थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावायचा आणि दर मिनिटाला कोन वाचायचे. त्यावरून वरच्या थरांतला वारा काढतात.

ऑक्टोबरात फुगा सोडला की जमिनीवरच्या वाऱ्याने पूर्वेकडे सरकायला लागायचा. माझ्या शर्टाची कॉलरही त्याच बाजूला उडायची. मग हजारबाराशे मीटरच्या आसपास तो रेंगाळायचा, आणि पुढच्या दोनचार वाचनांत कोन उलटे पडायला लागायचे. फुगा नैर्ऋत्येकडे निघालेला असायचा. पहिल्यांदा मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. वरिष्ठ म्हणाले, "चूक तुझी नाही, वारा दोन मजली आहे."

पावसाचा पट्टा त्या दिवसांत दक्षिणेकडे सरकत असतो. त्याच्या पुढ्यात खाली अजून पश्चिमेचा वारा, आणि वर व मागे ईशान्येचा. चतुर वरचा मजला धरतात. खवचटराव, वारा समोरून नाही, पाठीमागून असतो. परतीला मे-जूनमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सोमाली झोत सुटतो, तोच आपला मोसमी वारा. ते तिकीटही फुकट.

अजून एक. मिनिकॉयची भाषा म्हणजे मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. त्यांच्याकडे वर्षाचे 'नकइ' पाडलेले आहेत, म्हणजे आपली नक्षत्रंच! 'अथ' म्हणजे हस्त, 'हिथ' म्हणजे चित्रा, त्यानंतरचं 'हेइ' म्हणजे स्वाती. आणि मालदीवमध्ये चतुराला म्हणतात 'हेइ नकइ धूनि', म्हणजे स्वातीचा पक्षी. माझे वडील खेड शिवापूरला शेती करायचे. हत्तीचा पाऊस कधी, चित्रा कशी गेली, हेच बोलणं घरात. इतक्या लांब समुद्रात तोच हिशेब ऐकला तेव्हा मला घरची फार आठवण आली होती.

गच्चीवरची_काकू

आजोबा, तुमचं मी मोठ्याने वाचून ह्यांना ऐकवलं. मुलालाही पाठवलं. तो म्हणतो, ऑफिसातल्या स्थानिक मुलाने 'धूनि' बरोबर असल्याचं सांगितलं.

पण टेकडीकर, माझा टब मी असा सोडणार नाही. जुलैच्या शेवटी रिकामा टब पावसाने भरला. त्यात कमळाचा कंद नंतर लावला. सप्टेंबरच्या मध्यावर देठाला एक कात चिकटलेली दिसली, खाकी, पाय घट्ट रोवलेले, पाठीवर चीर आणि चिरेतून दोन-तीन पांढरे धागे बाहेर लोंबत होते. मला वाटलं कोळ्याचं जाळं. म्हणजे दीड महिना! तुमच्या हिशेबात चोख बसतंय. मग तो माझा चतुर कुठे गेला?

आणि पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर एक जण शेपूट टेकवत होता, टप टप. तो काय प्रकार?

टेकडी_रोज_सकाळी

ते पांढरे धागे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं जुनं अस्तर. कात टाकताना तेही बाहेर ओढलं जातं. बघितलंत हे नशीब.

बॉनेटवरची मादी, अंडी घालत होती. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश एका विशिष्ट प्रतलात ध्रुवीभूत होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच पातळीत डोलतात, त्यावरून ती पाणी ओळखते. चकचकीत काळा रंग तोच प्रकाश देतो. अंडी वाया. शेजाऱ्यांना गाडी आठवडाभर न धुवायला सांगा, धुळीने फसवणूक कमी होईल. पुण्यात ही विनंती मान्य होईल असं वाटत नाही.

तुमचा चतुर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही हलका. त्याच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बांधता येत नाही, म्हणून तर पंख तपासावे लागतात.

लोणावळा_दुर्बीण

थोडं अवांतर. यंत्र बांधलेत, पण चतुर खाणाऱ्यांवर. अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून अरबी समुद्र न थांबता पार करतात आणि आफ्रिका गाठतात, तेही याच दिवसांत. नोव्हेंबरमध्ये लोणावळ्याच्या पठारावर आम्ही त्यांच्यासाठीच पहाटे जातो. वाटेत शिदोरी सोबतच उडत असते, असं समजा.

आणि ईस्टर बेटावर, चिलीपासून ३,५०० किलोमीटरवर, चतुराची एकच जात आहे, हीच. पण तिथे पोचलेले तिथलेच झाले. रंगाने गडद, पंखाचा आकारही बदललेला, आणि वारा सुटला की उडायचं टाळतात. भोवती सगळा पॅसिफिक. वाऱ्यावर स्वार होणारे वाहून गेले, खाली बसणारे राहिले.

पेठेतला_खवचट

पिंप मागे घेतो. जहाजही.

गच्चीवरची_काकू

टब यंदा रिकामा करणार नाही. डेंग्यूच्या भीतीने दर ऑक्टोबरला घासून उपडा घालायचे. ह्यांची कुरकुर चालू आहे, त्यांना सांगितलं की चतुराच्या अळ्या डासांची पिल्लंही खातात.

कात काडेपेटीत कापसावर ठेवली आहे. मुलाला कळवलं, गच्चीत एखादा पंख पडलेला दिसला तर पाकिटात घालून दिवाळीला आण. त्याचं उत्तर आलं, "काल चार मिळाले होते. झाडून टाकले."