सीड्या भंगारात देऊ नका : घरच्या हाय-फायला डिजिटल सोर्स कोणता?

नौपाडेकर

परवा इथे, आपल्या फोरमवर, सोर्सबद्दल, म्हणजे गाणं ज्यातून येतं त्या यंत्राबद्दल, एकाने लिहिलं होतं : "सोर्सवर पैसे घालणं हा वेडेपणा. फोन ब्लूटूथने ॲम्पला जोडा, एखादं सबस्क्रिप्शन घ्या आणि घरातल्या सीड्या भंगारवाल्याला देऊन टाका." खाली चाळीस जणांनी अंगठे दिले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

त्यातलं अर्धं मला मान्य आहे. डॅक (डिजिटल आकड्यांतून आवाज काढणारं यंत्र) बऱ्यापैकी असेल तर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा तोच डेटा सीडी प्लेयरमधून आला काय, लॅपटॉपमधून आला काय किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकातून आला काय, कानाला फरक पडत नाही. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हाही हाच आकडा होता, आणि माणसाचा कान तेव्हापासून बदललेला नाही. ट्रान्सपोर्टवर, म्हणजे डॅकला डेटा पुरवणाऱ्या यंत्रावर, लाख रुपये घाला असं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

पण ब्लूटूथ? सीडीतून सेकंदाला १४११ किलोबिट येतात. एसबीसीने, म्हणजे ब्लूटूथच्या नेहमीच्या आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीने, त्यातले सव्वातीनशेच्या आसपास पोचतात. आयफोन असेल तर एएसी, तिथेही फार वेगळं नाही. एलडॅक ही वरची पद्धत, सगळं जुळून आलं तर ९९०, आणि मध्ये भिंत आली की मुकाट ३३० वर उतरतो. सिनेमाच्या गाण्यात हे कळलं नाही तर मी समजू शकतो. तानपुऱ्यावर कळतं. चांगल्या जवारीचा (घोडीवर तारेला मिळणाऱ्या झणकाराचा) षड्ज छेडला की आतून गंधार डोकावतो, वर आणखी बारीक झळाळी असते. कमी बिटरेटला पहिला बळी त्या झळाळीचा जातो. आणि ऐन समेवर फोनचा मेसेज 'टिंग' करून स्पीकरमधून येतो, ते वेगळंच.

दुसरा अनुभव. भाच्याने नवा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) आणला, मोठ्या हौसेने माझ्याकडे लावला. एका मैफलीचा विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो, मध्ये ट्रॅक बदलतो. सीडीवर तिथे काहीच जाणवत नाही, तानपुरा अखंड चालू असतो. स्ट्रीमरवर तिथे अर्धा सेकंद पूर्ण शांतता. क्षणभर वाटलं, वीज गेली. चार वेळा वाजवून पाहिलं, चारही वेळा तसंच.

तिसरा अनुभव जास्त जिव्हारी लागला. एका सेवेवर दोन वर्षं जमवलेल्या माझ्या यादीतली अकरा नाट्यपदं एका सकाळी करडी झाली. हक्क गेले, गाणी गेली. कुणी कळवलं नाही, पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला कापले जात होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : सोर्स निवडताना "आवाज कुठला चांगला" हा प्रश्न आता जवळजवळ सुटलाय. "गाणं कुणाच्या ताब्यात" हा सुटलेला नाही. मी ४०० सीड्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता लहान केलेल्या फाइलमध्ये) उतरवल्या. सगळ्या मिळून १४० जीबी. रास्पबेरी पाय ४ वर मूड ऑडिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, तिथून यूएसबीने डॅक. स्ट्रीमिंगही ठेवलंय, नवीन काही चाखून बघायला.

घोडबंदर_रोड

ती पोस्ट माझी. नाव न घेता लिहिलंत, पण इतरांना कळायला हवं म्हणून सांगतो.

काका, तुमच्या नौपाड्यातल्या जुन्या घरात भिंतभर कपाट असेल. मी तेविसाव्या मजल्यावर दोन खोल्या-हॉलमध्ये चौघांसह राहतो. खाली रात्री एकपर्यंत ट्रेलर चालतात, वर पंखा तीनवर. तुमच्या सोळा बिटांची ९६ डेसिबलची रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, या खोलीत कुठे मावते ते दाखवा. साडेआठला ऐरोलीहून घरी येतो, पोरगी झोपल्यावर पाऊण तास मिळतो. त्यातली दहा मिनिटं सीडी शोधण्यात घालवू?

आणि "ताब्यात" म्हणताय तर माझंही ऐका. २०१९ ला माझी २ टीबीची हार्ड डिस्क बसली. कॉलेजपासून जमवलेलं सगळं संगीत गेलं, सोबत लग्नाचे फोटो गेले. डेटा काढून देणाऱ्याने आधी पैसे घेतले, नंतर हात वर केले. तेव्हापासून ठरवलं, आपल्या घरात काही साठवायचं नाही. तुमची अकरा गाणी गेली, माझं सगळं गेलं.

बेलापूर_टेकडी

दोघेही सोळा बिटांवर अडकलात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, सीडीहून वरचं हाय-रेझोल्यूशन, एकदा नीट सिस्टिमवर ऐका. मी पायचा साधा ॲडॉप्टर काढून लिनिअर पॉवर सप्लाय (ट्रान्सफॉर्मरवाला, कमी गोंगाटाचा) लावला, यूएसबी केबल बदलली. स्टेज, म्हणजे कलाकार समोर बसल्याचा भास, दोन फूट मागे सरकलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, आज काय वेगळं लावलंय? तिला यातलं काही माहीत नाही.

नौपाडेकर

बेलापूरकर, मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेला प्रयोग आहे. हाय-रेझोल्यूशनचा सिग्नल एकदा सरळ, एकदा मध्ये १६ बिट, ४४.१ ची गाळणी घालून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. ऐकणाऱ्यांत व्यावसायिक रेकॉर्डिंगवाले होते. वहिनींनी आवाज मोठा ऐकला असेल. तुलना करताना दोन्हीकडची पातळी मोजून सारखी केली होतीत का?

बेलापूर_टेकडी

मीटर लावून गाणं ऐकत नाही मी. बावीस वर्षं हा छंद केलाय, पोटाला चिमटा काढून केलाय. कुठल्या तरी जर्नलचा कागद माझ्या तोंडावर फेकून माझे कान खोटे ठरवू नका. तुमच्या घरी येऊन तुमच्या सिस्टिमला नावं ठेवली का मी कधी?

सानपाडेकर

भांडण थांबवा आणि आधी भिंतीतली तिसरी पिन, अर्थिंगची, तपासा. मी इलेक्ट्रिकलमधला माणूस आहे, हे वर्षानुवर्षं सांगतोय.

नवीन फ्लॅट घेतला, लॅपटॉप डॅकला जोडला. लॅपटॉपच्या धातूवर मनगट टेकवलं की मुंग्या येत. स्पीकरला कान लावला की खालच्या सुरात अखंड गुणगुण, आपली ५० हर्ट्झची मेन्स, म्हणजे घरातली वीज. मी डॅकला दोष दिला, केबलला दिला. शेवटी सॉकेट उघडलं तर अर्थची हिरवी वायर आत नुसती लोंबत होती, स्क्रूला लावलेलीच नव्हती. बिल्डरच्या माणसांचं काम. सगळ्या घरातली सात सॉकेटं तशीच निघाली. सात! मुलं हात लावतात तिथे.

वायर लावल्यावर मुंग्या गेल्या, थोडी गुणगुण उरली. ती टीव्हीतून येत होती, सेट-टॉप बॉक्सच्या कोॲक्स तारेतून. टीव्ही ऑप्टिकल केबलने डॅकला जोडला, संपलं. ऑप्टिकलमधून उजेड जातो, तांब्याचा संबंधच तुटतो. बेलापूरकरांनी पॉवर सप्लाय बदलून फरक ऐकला असेल तर मी त्यांना खोटं म्हणणार नाही. त्यांच्याकडेही अर्थिंगची भानगड असू शकते.

काळी_चार

तुम्ही सगळे मघापासून बिट मोजताय. गाणं कुणाचं, राग कुठला, हे कुणी विचारतं का?

मी वाशीला गाणं शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीने भूप ऐकायचा म्हणून एका सेवेवरचं रेकॉर्डिंग महिनाभर ऐकलं. शीर्षक भूप, चित्राखाली भूप. ती गाऊन दाखवायला बसली आणि पहिल्या आलापातच धैवतावर जाऊन ठाण मांडलं, वरच्या अंगातच फिरत राहिली. मी थांबवलं. रेकॉर्डिंग मागवून ऐकलं तर तो देशकार होता! स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूप गंधाराचा आणि देशकार धैवताचा. पोरीच्या गळ्यात चुकीचं चलन बसलं ते काढायला दोन महिने गेले. परीक्षा तोंडावर होती. तिचा काय दोष? तुमची २४ बिटं तिच्या काय कामाची?

घोडबंदर_रोड

ताई, हे ॲपला कळवता येतं ना?

काळी_चार

तीनदा कळवलं. अजून भूपच आहे.

आणि हा एकच राग नाही हो. जनकवी पी. सावळाराम आपल्या ठाण्यातले. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज, यावर दोन पिढ्या वाढल्या. ॲपवर गीतकाराच्या नावाने शोधून बघा. बहुतेक ठिकाणी फक्त गायिका. संगीतकार शोधायला 'वसंत' टाका, वसंत प्रभू, वसंत पवार आणि वसंत देसाई एका ढिगात येतात, मध्येच वसंतराव देशपांड्यांची नाट्यपदं. एकाच गायकाची तीन खाती : 'पंडित' लावलेलं वेगळं, 'पं.' वेगळं, काहीच न लावलेलं वेगळं. तबल्याला कोण, पेटीला कोण, याचा पत्ताच नाही. आयुष्यभर साथ केली त्या माणसांचं नाव एका ओळीतसुद्धा नसावं?

नौपाडेकर

ताई, अगदी मनातलं बोललात. मी सीड्या उतरवल्या त्याचं निम्मं कारण हेच. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, आपल्याला हवा तो रकाना करता येतो. मी राग, ताल, गीतकार, संगीतकार, तबला, पेटी असे सहा केलेत. सगळं देवनागरीत. आता 'देशकार' टाकलं की घरातले सगळे देशकार समोर येतात, सकाळी तेवढेच लावतो. एक अडचण आली : जुन्या डॅकच्या छोट्या पडद्यावर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. पडद्याकडे बघणं सोडलं, फोनवर बघतो.

घोडबंदर_रोड

४०० सीड्यांना सहा-सहा रकाने. काका, हे निवृत्त माणसाचं काम आहे. आम्हाला नोकऱ्या आहेत.

नौपाडेकर

निवृत्त कोण म्हणालं तुम्हाला? अजून रोज फोर्टला जातो, उभ्याने. रात्री जेवण झालं की एक सीडी, एकच. इनले (डबीतला छापील कागद) समोर ठेवायचा, चष्मा लावायचा, नावं टाइप करायची. वीस मिनिटं. तेरा महिन्यांत झालं. वेळ नाही हे कारण मला सांगू नका, त्या पाऊण तासातली वीस मिनिटं तुम्ही फोनवर बोट सरकवण्यात घालवता की नाही ते तुम्हीच बघा.

घोडबंदर_रोड

माझ्या घरात येऊन वेळ मोजलात का? पोरगी आजारी होती मागचा महिनाभर. रात्री तिला मांडीवर घेऊन एका हाताने फोनवर जे मिळेल ते लावायचो, हळू आवाजात. तेव्हा मला ना राग बघायचा होता ना तबलजी. काहीतरी वाजत राहायला हवं होतं. त्यासाठी ॲप लागलं, तुमचे रकाने नाही.

नौपाडेकर

हे माहीत नव्हतं. बोललो ते मागे घेतो. पोरगी बरी आहे ना आता?

घोडबंदर_रोड

बरी आहे.

बेलापूर_टेकडी

काळी_चार ताईंच्या बाजूने एक भर. महाग स्ट्रीमरसुद्धा हे सोडवत नाही, कारण तो वरून जे नाव येतं तेच दाखवतो. माझ्या सव्वा लाखाच्या यंत्रात शास्त्रीय गायकांचे राग 'अल्बम'च्या रकान्यात आणि अल्बम 'कलाकार'च्या रकान्यात पडलेत. हे मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

आणि नौपाडेकर, काल रात्री मीटर लावून दोन्ही पातळ्या सारख्या केल्या. मुलाला केबल बदलायला बसवलं, मी पाठ केली. वीसपैकी अकरा वेळा बरोबर ओळखलं. केबल परत करतोय, लिनिअर सप्लाय मात्र काढणार नाही, मला त्याने बरं वाटतं. आज इलेक्ट्रिशियनही बोलावलाय.

सानपाडेकर

सगळी सॉकेटं उघडायला सांगा. एक बघून 'ठीक आहे' म्हणतात आणि जातात.

घोडबंदर_रोड

ब्लूटूथचं मागे घेतो. शनिवारी फोन यूएसबीने डॅकला लावून तानपुरा ऐकला, पंखा बंद करून. फरक आहे. सबस्क्रिप्शनचं मागे घेणार नाही, ते मला लागतं. आणि डिस्क बसली तर काय, याचं उत्तर काकांनी अजून दिलेलं नाही.

सीड्यांचं जे लिहिलं, त्यामागे कारण होतं. लॉफ्टवर बाबांच्या सीड्यांची दोन खोकी आहेत. ते गेल्यापासून उघडली नव्हती. देऊन टाकली की विषय संपेल, असं वाटत होतं. काल एक काढलं. प्रत्येक सीडीच्या आत त्यांनी बॉलपेनने तारीख आणि जागा लिहिलीय. एकीवर 'गडकरी, मध्यंतर' एवढंच, म्हणजे आपलं गडकरी रंगायतन. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरचा कुठला घ्यावा?

नौपाडेकर

घेऊ नका. माझ्याकडे जादाचा यूएसबी ड्राइव्ह पडून आहे, निरोप पाठवा, हवा तेवढे दिवस ठेवा. डिस्कचं उत्तर : माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक पायला, एक कपाटात, एक डोंबिवलीला बहिणीकडे. आणि सीडी स्वतः चौथी. म्हणून ती विकायची नसते.

बुरशी धरली असेल तर मऊ सुती फडकं किंचित ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका, गोल चरा पडला तर लेसरला तो ओलांडता येत नाही. पहिल्या फेरीत चूक दाखवली तर पुसून परत लावा, घाईने सोडून देऊ नका.

काळी_चार

आणि पुसण्याआधी इनलेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. साथीदारांची नावं मागच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात असतात. बाबांच्या अक्षराचेही काढा.