लोकलफॉरवर्डची एक ओळ टाकली की टनेल आपोआप टिकतं का?

टर्मिनलवेडा
काल इथे एसएसएच टनेलवर (दूरच्या सर्व्हरमागचा डेटाबेस आपल्या मशीनच्या एका पोर्टवर आणून देणारी सुरक्षित जोडणी) ‘सुटसुटीत’ यांनी लिहिलं, “लांबलचक कमांड कशाला मारता? एसएसएच कॉन्फिगमध्ये लोकलफॉरवर्डची एक ओळ टाका, पुन्हा बघायला नको.” वर लाइकचा पाऊस! अहो, त्या ओळीने एसएसएच जोडताना टनेल उघडतं एवढंच; कनेक्शन तुटलं की क्लायंट स्वतःहून परत जोडत नाही. त्यात सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे किती सेकंदांनी विचारायचं, मुळात ० असतो, म्हणजे विचारतच नाही. लॅपटॉप झोपेतून उठला की पोर्ट उघडा दिसतो आणि डेटाबेसचा क्लायंट नुसता लटकतो. तिथे ६० टाका. काउंटमॅक्स (उत्तराविना किती वेळा विचारायचं) ३ असतोच, म्हणजे साधारण तीन मिनिटांत मेलेलं कनेक्शन बंद तरी होईल. परत जोडायला वेगळं काहीतरी लागणारच.

सुटसुटीत
दुपारभर डेटाबेस बघायला एवढा सोहळा? तुटलं तर परत एसएसएच मारा. हात झिजतात का?

गिटग्रस्त
तुमच्या त्या एका ओळीनेच आमची वाट लावली. टीममधल्या एकाने सगळ्यांना दिलेल्या कॉन्फिगमध्ये ती थेट ‘होस्ट *’ (म्हणजे सगळे सर्व्हर) खाली घातली, वर एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर यस (टनेल उघडलं नाही तर कनेक्शनच सोडायचं). एका टर्मिनलमध्ये टनेल चालू असलं की दुसरीकडे गिट पुश (तेही एसएसएचवरूनच) आपटायचं, कारण पोर्ट आधीच अडकलेला. अर्धा दिवस सगळे गिट सर्व्हरला शिव्या देत बसले. टनेलला वेगळा होस्ट करा, ‘डीबी-टनेल’ वगैरे, आणि त्यात सेशनटाइप नन (शेल किंवा कमांड न चालवता नुसतं टनेल). ओपनएसएसएच ८.७ पासून आहे, म्हणजे २०२१.

सुटसुटीत
बरं बाबा, वेगळा होस्ट. झालं समाधान?

जुनाट_अ‍ॅडमिन
परत जोडायला ऑटोएसएसएच आहे की, तुटलेलं एसएसएच पुन्हा चालू करणारा प्रोग्राम. ‘-एम ०’ द्या, म्हणजे त्याची स्वतःची तपासणी बंद; अलाइव्हचं काम कॉन्फिगवर सोडा. विषय संपला.

युनिटफाइल
संपला कसा? पहिलंच कनेक्शन ३० सेकंदांच्या आत पडलं तर ऑटोएसएसएच गाशा गुंडाळतो. मशीन सुरू होताना नेटवर्क नसलं की गेलं. सिस्टमडीची (लिनक्सवर मागे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) यूजर सर्व्हिस करा, त्यात रीस्टार्ट ऑलवेज, म्हणजे पडलं की परत सुरू.

जुनाट_अ‍ॅडमिन
गेटटाइम (तीच ३० सेकंदांची अट) ० करा, मॅन पेजमध्ये लिहिलंय. वाचायची सवय असेल तर. आणि तुमचा सिस्टमडी? १० सेकंदांत ५ वेळा आपटला की तोही हात वर करतो! रीस्टार्टसेक (परत सुरू करण्याआधी थांबायचा वेळ) न वाढवता ‘ऑलवेज’ लिहायचं आणि वर आम्हाला शिकवायचं.

युनिटफाइल
रीस्टार्टसेक १० करायला एक ओळ लागते. तुमच्यासारखं प्रत्येक मशीनवर वेगळं पॅकेज टाकत हिंडावं लागत नाही.

टर्मिनलवेडा
दोघेही पासफ्रेजबद्दल (एसएसएच किल्लीचा पासवर्ड) गप्प का? एजंट (उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा प्रोग्राम) नसताना मागे चालणारी सर्व्हिस किल्ली उघडणार कशी? मग लोक पासफ्रेजच काढून टाकतात, आणि तीच किल्ली सगळीकडे चालत असते.

युनिटफाइल
टनेलला वेगळी किल्ली करा. सर्व्हरवर ऑथराइज्ड-कीजमध्ये (कोणत्या किल्ल्या चालतात त्या यादीत) त्या किल्लीपुढे रिस्ट्रिक्ट (जादा सवलती बंद), पोर्ट-फॉरवर्डिंग (टनेलपुरती परवानगी परत) आणि परमिटओपनमध्ये तेवढाच होस्ट-पोर्ट.

गिटग्रस्त
रिस्ट्रिक्टने कमांड थांबत नाही हं. पीटीवाय (टर्मिनल) जाते, पण साधी कमांड खुशाल चालते. सोबत कमांड=मध्ये ‘/बिन/फॉल्स’ (काहीच न करता बंद होणारा प्रोग्राम) टाकलंत तर ठीक; टनेलला सेशन लागतच नाही.

युनिटफाइल
हे मात्र मान्य. नाइलाजाने.

सुटसुटीत
मी एक ओळ सांगितली होती. तुम्ही वेगळा होस्ट, वेगळी किल्ली, सिस्टमडीची युनिट फाइल आणि भांडण एवढं दिलंत. मी आपली कमांड परत मारतो.

जुनाट_अ‍ॅडमिन
मारा. अलाइव्ह ६० तेवढं टाका, नाहीतर ‘डेटाबेस स्लो आहे’ म्हणत इथेच याल.