नळ्यांआधी स्टे बोल्ट तपासा
गरम धूर वाहणाऱ्या नळ्या बदलल्या की जुन्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर तयार, असं कुणी म्हणेल. तेवढ्यावर भागत नाही. खरं दुखणं फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, स्टे बोल्टांत असतं; हे बोल्ट आतली पेटी बाहेरच्या पत्र्याला जखडून ठेवतात. आतली पेटी बाहेरच्या पत्र्यापेक्षा जास्त फुगते, बोल्ट दर वेळी थोडा वाकतो आणि शेवटी बाहेरच्या पत्र्यालगत तडकतो. त्याच्या टोकातल्या साधारण ५ मिमीच्या टेलटेल (तडा दाखवणाऱ्या) भोकातून पाणी झिरपलं, की बोल्ट गेला. ते भोक कृपा करून बुजवू नका!

पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्यावरच आग, तीही मंद.

ठाण्यासारख्या ठिकाणी खाडीची दमट हवा असते. न वापरता उभ्या ठेवलेल्या इंजिनाचा बॉयलर पूर्ण निथळून, सुकवून, आत ओल शोषायला ट्रेमध्ये कळीचा चुना ठेवून बंद करा. चुन्याची भुकटी झाली की बदला.