क्लासन लिग्निन: आकडा फुगतो कुठे?

सागाच्या भुशातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) क्लासन यांच्या आम्ल-पद्धतीने मोजल्यावर जास्त का येतं, असं विचारलंय; सोबत क्लासन यांच्या कामाचाही विषय निघाला. या स्वीडिश रसायनज्ञाने 1897 मध्येच लिग्निनचं नातं कोनिफेरिल अल्कोहोल या वनस्पतीतल्या छोट्या रेणूशी जोडलं. ही झेप मला त्यांच्या पद्धतीहून मोठी वाटते.

आता आकडा कसा मोजतात ते. 1 ग्रॅम भुसा, 15 मिली 72% सल्फ्युरिक आम्ल, 20° सेल्सिअसला 2 तास, अधूनमधून ढवळत. मग पाण्यात ओतून एकूण 575 मिली करून 4 तास उकळा. पातळी घटू देऊ नका, नाहीतर आम्ल तीव्र होतं. उरलेला गाळ गरम पाण्याने धुऊन, वाळवून तोला; तेच क्लासन लिग्निन. सागातले राळेसारखे पदार्थ आधी अल्कोहोल-टोल्युइनने काढले नाहीत, तर तेही गाळात बसतात आणि आकडा फुगतो. उलट सागासारख्या रुंदपर्णी लाकडाचं थोडं लिग्निन आम्लात विरघळून निसटतं. ते द्रावणात 205 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजून आकड्यात जोडा.