हेक्टर इपोलितला चित्रं सुचायची कुठून?

मयेकरीण
आमची घरची गणपतीच्या मूर्तींची चित्रशाळा. चवथ जवळ आली की मूर्तींच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. चवथ सरली की उरलेल्या रंगांनी मी पुठ्ठ्यावर माझी चित्रं काढते. कला महाविद्यालयात गेले नाही, त्यामुळे "आधी यथार्थदर्शन (चित्रात जवळचं-लांबचं, खोली दाखवण्याची पद्धत) शीक" हे कायम ऐकते. मग हैतीच्या हेक्टर इपोलितची चित्रं बघितली आणि झोपच उडाली. तोही कुठल्या शाळेत चित्रकला शिकला नव्हता. मग त्याचा हात बसला कसा? विषय कुठून यायचे?

रंगारी_म्हापसा
बाय, शाळेत नाही, पण कामावर शिकला की तो! घरं रंगवायचा, फर्निचर रंगवायचा. माँरुई गावातल्या एका बारच्या दारावर त्याने फुलं-पक्षी काढले होते. ड्यूइट पीटर्स या अमेरिकन चित्रकाराची नजर त्या दारावर गेली. याच पीटर्सने १९४४ मध्ये हैतीच्या राजधानीत, पोर्तो प्रिन्सला, 'सांत्र द'आर' हे कलाकेंद्र सुरू केलं आणि पुढे इपोलितला तिथे आणलं. तेव्हा तो पन्नाशीत होता.

कोंबडीची पिसं, बोटं, आणि उरलंसुरलं इनॅमल. एवढ्यावर त्याचं काम चालायचं. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे इनॅमल ओळखतो. ते ओढू लागलं, म्हणजे सुकत आलं, की परत हात लावायचा नाही, लावला तर चट्टे उठतात. रेघ मारण्याआधीच ती डोक्यात ठरलेली हवी. त्याच्या चित्रांतली ठाम बाह्यरेषा आणि सपाट रंग मला तरी तिथूनच आलेले दिसतात. तू डोळे आखतेस ती हीच शिस्त.

साखळीकर
विषयांचं मी सांगतो. तो व्होडू या हैतीतल्या लोकधर्मातला पुजारी, आणि घराण्यातच ते चालत आलेलं. तिथे पूजेआधी जमिनीवर पिठाने देवतांची चिन्हं रेखतात, आपण रांगोळी सोडतो तशी चिमटीतून. समुद्राची देवता ला सिरेन, कमरेखाली मासा असलेली, ती आपली पत्नी आहे असं तो मानायचा. चित्रांसाठी पुजारीपण थांबवलं तेव्हा त्याने आधी देवतांची परवानगी मागितली, असं तो सांगे.

१९४५ मध्ये कवी आंद्रे ब्रताँने त्याची चित्रं विकत घेतली, १९४७ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या प्रदर्शनात ती लागली, आणि १९४८ मध्ये तो गेला. एवढ्याच काळात शेकडो चित्रं!

यथार्थदर्शन जरूर शिका, पण त्यासाठी हातातलं काम थांबवू नका. आपल्या जुन्या देवळांत कावीकाम करणाऱ्यांनी चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर हुरमुंजी या लाल मातीच्या रंगाचा थर चढवून, तो खरवडून अख्ख्या भिंती भरल्या आहेत. त्या जवळून बघा.

मयेकरीण
दोघांनाही मनापासून धन्यवाद. मला माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती चौकट, काढायची आहे, रानातली सगळी फळं टांगलेली. पण पुठ्ठा पावसाळ्यात वाकतो. काय करू?

रंगारी_म्हापसा
दोन्ही बाजूंनी प्रायमर मार, कडाही सोडू नकोस. एकाच बाजूने मारलास तर ती बाजू ओढते. पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नको, आपल्याकडच्या दमट हवेत तर मुळीच नको.