वाळक्या काठीला पाणी: आरंभीच्या ख्रिस्ती मठांतील आज्ञापालनाविषयी

प्रश्न
चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती संन्याशांच्या कथा मी वाचत आहे. त्यांतील ठेंगू जॉनची कथा मनातून जात नाही. गुरूने वाळकी काठी रोवली आणि फळ येईपर्यंत तिला रोज पाणी घालण्यास सांगितले. पाणी इतके दूर होते की संध्याकाळी निघालेला जॉन सकाळी परतत असे. तीन वर्षांनी काठीला फळ आले, तेव्हा गुरूने ते चर्चमध्ये नेऊन ‘आज्ञापालनाचे फळ’ म्हणून बांधवांना दिले. जी आज्ञा मुळातच निरर्थक आहे ती पाळण्यात नम्रता कोणती? अशा शिकवणीतून गुरूच्या लहरीपुढे मान तुकवणारी माणसेच घडणार नाहीत का?

प्रतिसाद १
याच कथेचे दुसरे रूप जॉन कॅसियन या संन्यासी लेखकाने पाचव्या शतकाच्या आरंभी गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) मठांसाठी लिहिताना दिले आहे, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते. तेथे शिष्य वेगळा जॉन आहे. तो वर्षभर, दिवसातून दोनदा, सुमारे दोन मैलांवरून पाणी आणतो. काठीने मूळ धरले का, असे गुरू विचारतो. ठाऊक नाही, असे शिष्य सांगतो. गुरू काठी उपटून फेकून देतो. फळ नाही, चमत्कार नाही. म्हणजे काठी रुजावी हा हेतू कधी नव्हताच. शिष्याची स्वेच्छा किती सैल झाली आहे, एवढेच पाहायचे होते. घरदार सोडलेल्या माणसाजवळ शेवटी स्वतःची मर्जी उरते, आणि त्या मर्जीने केलेले उपवास व जागरणे त्याचा अहंकारच पोसू शकतात. म्हणूनच वाळवंटातील संन्यासिनी अम्मा (म्हणजे ‘माता’) सिंक्लेटिका सांगत असे की, मठात असताना तपश्चर्येपेक्षा आज्ञापालन श्रेयस्कर, कारण एक गर्व शिकवते आणि दुसरे नम्रता.

प्रतिसाद २
वरील उत्तरात गुरूची बाजू राहून गेली आहे. सामूहिक मठजीवनाची घडी बसवणारे पाखोमियस (मृत्यू इ.स. ३४६) एकदा चटई विणत बसले असता एका मुलाने त्यांना सांगितले की, आम्हाला विणण्याची वेगळी रीत शिकवली आहे. पाखोमियस उठले, ती रीत त्याच्याकडून शिकले आणि पुन्हा कामाला बसले. एका बांधवाचा न्याय करण्यासाठी बोलावलेले अब्बा (म्हणजे ‘पिता’, ज्येष्ठ संन्याशाची उपाधी) मोशे गळके भांडे पाठीवर घेऊन गेले, आणि माझी पापे मागे सांडत असताना मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे, असे म्हणाले. आज्ञा देणाऱ्याने स्वतःला असे वाकवलेले असेल, तरच तिला काही अर्थ राहतो.

प्रतिसाद ३
दोन्ही उत्तरे पटली, तरी प्रश्नकर्त्याची शंका पूर्णपणे फिटत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या, तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या निर्णयापूर्वी सर्वांचे, अगदी कनिष्ठांचेही मत ऐकण्यास मठाधिपतीला बजावले, आणि अडुसष्टाव्यात अशक्य आज्ञा मिळालेल्या बांधवाला आपली अडचण शांतपणे, योग्य वेळी मांडण्याची मुभा दिली. मात्र वरिष्ठ ठाम राहिल्यास त्याने देवाच्या साहाय्यावर विसंबून आज्ञा पाळावी, असेही तेथेच म्हटले आहे. हे कठोर आहे आणि ते सौम्य करून सांगू नये.

वाळवंटातील परंपरेत मात्र एक दार उघडे होते. गुरूजवळ राहून माझ्या आत्म्याची हानी होत आहे, तरी मी तेथेच राहू का, असे एका बांधवाने अब्बा पोइमेनना विचारले. हवे तर राहा, एवढेच ते म्हणाले. तो पुन्हा आला, पुन्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा येऊन, आता मी तेथे राहणार नाही, असे त्याने स्वतःच सांगितले, तेव्हा पोइमेन म्हणाले की, आता तू तरलास. आत्म्याची हानी दिसत असताना विचारण्याची गरजच नव्हती.