'ऑटम लीव्ह्ज' सात मात्रांत बसवताना फॉर्म का सुटतो?

दादरची_गिटार:
गिटार, टेनर सॅक्स, बेस, ड्रम्स असे चौघं आहोत. वांद्र्यातल्या एका छोट्या कार्यक्रमात 'ऑटम लीव्ह्ज' ही जॅझमधली जुनी चाल वाजवायचीय, जी मायनरमध्ये. चार मात्रांचा नेहमीचा स्विंग (जॅझची झुलती लय) नको म्हणून सातात घेतोय. प्रत्येक कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाला) सात मात्रा दिल्या की चाल रेंगाळते आणि दुसऱ्या सोलोपर्यंत कोण कुठे आहे तेच कळत नाही. जुन्या चाली नंतरच्या वादकांनी नेमक्या कशा बदलल्या? आमचं काय चुकतंय?

चार_अधिक_तीन:
हिशेब चुकतोय. मूळ फॉर्म, म्हणजे चालीचा पूर्ण आराखडा, 32 बारांचा (चार-चार मात्रांचे गट), म्हणजे 128 मात्रा. तुमच्या पद्धतीने त्या 224 होतात. रेंगाळणारच. उलट करा. दोन बारांच्या आठ मात्रांतली एक काढा: सी मायनर सेव्हन चार मात्रा, एफ सेव्हन तीन, बी फ्लॅट मेजर चार, ई फ्लॅट मेजर तीन. सगळं 16 बारांत, 112 मात्रांत बसतं.

चालही याला छान जुळते. लांब सूर पाच मात्रांचा, मग पुढच्या ओळीच्या उचलीचे तीन सूर, एकेक मात्रेचे. लांब सुरातली एक मात्रा कापा. उचलीला मात्र हात लावू नका, ऐकणारा चाल तिच्यावरूनच ओळखतो.

गाडी अडते ती शेवटच्या आठ बारांत. जी मायनर, जी फ्लॅट, एफ मायनर, ई अशा चार कॉर्ड दोन बारांत उतरत येतात. सातात त्या दोन-दोन-दोन-एक होतात, आणि एका मात्रेची ती ई सेव्हन गिटार एकीकडे टाकते, बेस दुसरीकडे. जी फ्लॅट आणि ई गाळा. जी मायनर चार, एफ मायनर तीन, पुढे ई फ्लॅट.

खाली_भरी:
ड्रमर रूपक (आपला सात मात्रांचा ताल) धरत असेल तर तेही तपासा. रूपक तीन-दोन-दोन, म्हणजे विभाग पहिल्या, चौथ्या, सहाव्या मात्रेला सुरू होतात. तुमची कॉर्ड बदलते पाचवीला. त्यात रूपकात समेलाच (पहिल्या मात्रेला) खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात, आणि बेसला तिथे भरीव सूर हवा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठेवा, बेसने तिथेच कॉर्डचा मूळ सूर द्यावा. मेट्रोनोम 120. आधी फक्त बेस आणि ड्रम्स, पूर्ण 112 मात्रांची चार आवर्तनं. असं एक आवर्तन 56 सेकंदांत संपलं पाहिजे. कमी-जास्त भरलं तर कुठेतरी मात्रा गळतेय किंवा वाढतेय.

सातातलं स्टँडर्ड (सगळे वाजवतात अशी जुनी चाल) ऐकायचं तर पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊच्या ट्रिओचं 1999 चं 'ऑल द थिंग्ज यू आर' ऐका.

म्यूट_ट्रंपेट:
ताल बदलला म्हणजे चाल नवी झाली, असं मला वाटत नाही. याच चालीचं 1958 चं सॅक्सवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या 'समथिंग एल्स'मधलं मुद्रण घ्या. फॉर्म तोच, मात्राही चारच. नवी आहे ती सुरुवातीची व्हॅम्प (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा), पियानोवादक अहमद जमालच्या मांडणीवरून घेतलेली. त्यात माइल्स डेव्हिस ट्रंपेटला म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावून चाल जवळजवळ सरळ वाजवतो, जागा सोडत. पुढच्याच वर्षी पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओत बेसवादक स्कॉट लाफारो नुसता चालता बेस (प्रत्येक मात्रेला एक सूर) न ठेवता पियानोला उत्तरं देतो. तिथे बदलली ती वाद्यांची कामं. 1960 मध्ये सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेनने 'माय फेव्हरेट थिंग्ज'ची तीनची लय राखली, पण सोलोला चालीचा फॉर्म सोडून ई मायनर आणि ई मेजरच्या व्हॅम्पवर गेला. काहीतरी धरून ठेवलंय म्हणूनच बदललेलं ऐकू येतं. तुम्ही ताल बदलताय, तर कॉर्ड साध्या राहू द्या.

दादरची_गिटार:
चार-तीनने हेड (सोलोआधीची मूळ चाल) बसलं, आभार. सोलोही 112 मात्रांवरच घ्यायचे का?

चार_अधिक_तीन:
पहिल्या कार्यक्रमाला नको. जी मायनरची व्हॅम्प धरा, चार-तीनमध्येच. परतायचं असेल तेव्हा सॅक्सने पाचव्या, सहाव्या, सातव्या मात्रेवर जी, ए, बी फ्लॅट वाजवावं, हेडची उचल. पुढच्या समेला सगळे सी मायनरवर. त्यासाठी सॅक्सने सोलोत एरवी त्या जागी हे तीन सूर ओळीने घेऊ नयेत, नाहीतर बेस मध्येच वळेल.